नेमाचा दाखला आणि जखमी हरीण

नॉर्वेत हरणाची शिकार करू इच्छिणाऱ्याला दरवर्षी नेमबाजीची चाचणी द्यावी लागते. सरावाच्या 30 गोळ्या झाल्यावर 100 मीटरवरील हरणाच्या आकृतीवर 5 गोळ्या झाडायच्या असतात आणि पाचही 30 सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात बसाव्या लागतात. हे वर्तुळ मर्मस्थान दाखवते, म्हणजे छातीतील हृदय व फुप्फुसांचा भाग. फिनलंडमध्ये 75 मीटरवरून 4 गोळ्या 23 सेंटिमीटरच्या वर्तुळात बसाव्या लागतात. दोन्हीकडे आकृती शिकाऱ्यासमोर आडवी असते. रानातले हरीण एवढे सौजन्य क्वचितच दाखवते.

पश्चिम नॉर्वेतील ज्या टोळीत प्रस्तुत लेखक होता, तिच्या प्रमुखाने लाल हरणाच्या, म्हणजे काश्मीरच्या हांगुलच्या या नातलगाच्या, पाठमोऱ्या तिरक्या मादीवर तिन्हीसांजेला गोळी झाडली. ‘थांबा’ ही सूचना त्याच्या कानी पडली होती. मादी पाठीला बाक काढून झाडीत शिरली, तरी प्रमुखाने नेम चुकल्याचे जाहीर केले. नेच्याच्या पानावर मात्र हिरवट ओला चोथा होता आणि त्याला आंबट वास येत होता, म्हणजे गोळी कोठ्यात, अर्थात जठरात, गेली होती. पान समोर धरल्यावर प्रमुखाने खिशातला चाचणीचा दाखला काढला. माग काढणाऱ्या कुत्र्याने दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी मृत मादी दाखवली. तेव्हा ‘सूचनेमुळे लक्ष विचलित झाले’ असे कारण पुढे आले, आणि टोळीत आजही तेच सांगितले जाते.

जनावर आडवे असल्यास पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर जाऊन शरीराच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागाजवळ नेम धरावा. ते पाठमोरे तिरके असल्यास गोळी पलीकडच्या फऱ्यातून बाहेर पडेल असा विचार करावा आणि तिरकेपणा फार असल्यास चापावरचे बोट काढावे. सराव नियमित हवा, हे वेगळे सांगायला नको. गोळीनंतर जनावर उभे होते ती जागा खुणेने पक्की करावी: फेसाळ, फिकट तांबडे रक्त फुप्फुसाचे असते, तर गडद रक्त बहुधा यकृताचे. कोठ्याची खूण दिसल्यास लगेच पाठलाग करू नये, कारण हुसकावलेले जनावर दूर जाते. काही तास थांबावे. कुत्रेवाल्याला फोन मात्र त्याच संध्याकाळी करावा, टोळीप्रमुख नको म्हणाला तरी करावा.