बाळंतपण आणि आरोग्यसेवा : मलावीचा धडा

बाळंतपणातील मृत्यूंचा विषय निघाला की आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो : जवळपास दवाखाना आहे का ? अर्थशास्त्राच्या अभ्यासाच्या निमित्ताने मी गरीब देशांची आकडेवारी पाहिली. तीवरून माझे असे मत झाले आहे की, याला जोडूनच दुसरा प्रश्न विचारला पाहिजे : दवाखान्यात पोचलेल्या स्त्रीला तेथे काय मिळते ?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली दर एक लाख जिवंत जन्मांमागे श्रीमंत देशांत सुमारे १०, तर सर्वांत गरीब देशांत ३४६ माता दगावल्या. थॅडियस आणि मेन या अभ्यासकांनी १९९४ साली अशा मृत्यूंमागील तीन विलंब सांगितले. मदत घ्यायचे घरात ठरण्यास लागणारा विलंब हा पहिला, दवाखान्यापर्यंत पोचण्यातला दुसरा आणि पोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातला तिसरा. पहिले दोन सर्वांना दिसतात. तिसरा दवाखान्याच्या भिंतींआड घडतो.

आग्नेय आफ्रिकेतील मलावी हा अत्यंत गरीब देश. तेथे सरकारी दवाखान्यांत बाळंतपण मोफत होते. २००७ साली शासनाने सुईणींना बाळंतपणे करण्यास मनाई केली. २०१२ नंतर गावप्रमुखांना या कामात सामील करून घेतले आणि दिवस भरत आलेल्या स्त्रियांसाठी दवाखान्यालगत निवासगृहे बांधली. २००४ च्या राष्ट्रीय पाहणीत शेकडा ५७ बाळंतपणे दवाखान्यात झाली होती. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ९१ झाले. याच काळात मातामृत्यूंचे प्रमाण लाखामागे ९८४ वरून ४३९ वर आले. हे यश लहान नव्हे.

परंतु याच पाहण्यांतील दुसरा आकडा पाहा. पहिल्या महिन्यातच दगावणाऱ्या अर्भकांचे प्रमाण २००४ मध्ये हजारी २७ होते. २०१५-१६ मध्येही ते २७ च राहिले! पहिल्या दोन विलंबांवर बरीच मात झाली, तिसरा मात्र उरला, असाच याचा अर्थ मला दिसतो.

तिसरा विलंब म्हणजे काय ? गर्भवतीच्या कार्डावर भेटीची नोंद होते, पण रक्तदाब मोजला जात नाही. मग आचके येण्याचा धोका कळणार कसा? रक्तस्राव थांबवणारे ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते; वीज गेली की त्याचा गुण कमी होतो. एकाच परिचारिकेवर अनेक बाळंतिणींचा भार पडला की नुकत्याच जन्मलेल्या, श्वास न घेणाऱ्या बाळाकडे कोणी धावायचे ?

दर्जा सुधारणे नेहमीच खर्चिक असते असे नाही. केनिया, नायजेरिया, टांझानिया व दक्षिण आफ्रिका येथील ८० रुग्णालयांतील प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. बाळंतिणीखाली खुणा केलेली साधी प्लॅस्टिकची पिशवी ठेवून रक्त अंदाजाने न जोखता मोजले आणि ठरलेले उपचार एकदमच सुरू केले. एवढ्याने गंभीर रक्तस्राव व त्यामुळे उद्भवणाऱ्या आपत्ती सुमारे ६० टक्क्यांनी घटल्या.

म्हणून दवाखान्यात किती स्त्रिया आल्या, या रकान्याशेजारी त्यांपैकी किती जणींची नीट तपासणी झाली आणि किती मायलेकरे सुखरूप घरी परतली, हाही रकाना असावा. योजनेचे खरे मोजमाप त्यातच आहे.