जुन्या ट्रॅव्हलरसाठी इंजिनाची निवड

चिंचवड, पुणे ३३

चिरंजीव पुतण्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

विशेष हे की, जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन त्यात झोपण्याची व स्वयंपाकाची सोय करावी आणि त्याचे थकलेले इंजिन काढून रिबिल्ट इंजिन बसवावे, हा चिरंजीवाचा बेत घरी कळला. बेत उत्तम आहे. मात्र रिबिल्ट म्हणून विकल्या जाणाऱ्या इंजिनांत नुसते धुऊन रंगवलेलेही असते आणि प्रत्येक झिजणारा भाग मोजून पुन्हा मापात आणलेलेही असते, आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून ज्याच्या मोजमापांची लेखी नोंद दाखवता येते तेच इंजिन घ्यावे, एवढे एक सूत्र चिरंजीवाने पक्के धरावे. पुढील सर्व विवेचन त्याच सूत्राचे आहे.

या गाडीचे घराणे आकुर्डीचेच आहे. १९५८ साली स्थापन झालेल्या आणि २००५ पासून फोर्स मोटर्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बजाज टेम्पो कंपनीने मर्सिडीज-बेंझच्या टी१ व्हॅनच्या धर्तीवर १९८७ साली ट्रॅव्हलर आणला, आणि त्याच्या जुन्या गाड्यांत मर्सिडीजच्याच ओएम ६१६ घराण्यातील, चार सिलिंडरचे, सुमारे २.४ लिटरचे डिझेल इंजिन असे. त्यात डिझेल थेट पिस्टनवर न फवारता हेडमधील प्रीचेंबर नावाच्या लहान कोठीत फवारले जाते व तेथे पेटलेला वायू सिलिंडरमध्ये उतरतो. फवारणीचे सगळे काम पंप आणि नोझल यांत्रिकपणे करतात, त्यामुळे हे इंजिन कुशल मिस्त्रीच्या हाती पूर्णपणे दुरुस्त होऊ शकते. परंतु हवा दाबूनच तापवायची असल्याने दाबाचे प्रमाण सुमारे २१ : १ इतके मोठे ठेवावे लागते, आणि म्हणून रिंगा, व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट यांतील थोडीशी गळतीही थंडीत गाडी सुरू करताना आणि बोरघाट चढताना लगेच जाणवते.

इंजिन बदलण्याआधी ते कशाने थकले, याचा शोध घेणे अगत्याचे आहे, कारण मूळ दोष गाडीत तसाच राहिला तर तो नव्या इंजिनालाही खाऊन टाकतो. काळा धूर बहुधा पंप-नोझलचा किंवा तुंबलेल्या एअर फिल्टरचा असतो, निळा धूर ऑइल जळत असल्याचा, आणि गरम इंजिनातूनही सुटत राहणारा पांढरा धूर कच्च्या डिझेलचा किंवा सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या पाण्याचा. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, गरम इंजिनातील ऑइलचा दाब आणि ब्रीदरमधून येणारा वायू हे तपासल्याशिवाय इंजिन उतरवू नये. नुसत्या नोझल बदलून व पंप कॅलिब्रेट करून, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला जाणारे डिझेल यंत्रावर सारखे करून, गाडी सुधारत असेल तर मोठ्या खर्चात पडण्याचे कारण उरत नाही.

इंजिन खरोखरच खोलावे लागले तर तीन मार्ग असतात. पहिला, पूर्ण तयार इंजिन आणणे; दुसरा, हाफ इंजिन, म्हणजे क्रँक व पिस्टन बसवलेला पण हेड नसलेला ब्लॉक घेणे; आणि तिसरा, गाडीचाच ब्लॉक मापात आणून घेणे. ब्लॉक तडकलेला नसेल तर तिसरा मार्ग सर्वांत श्रेयस्कर, कारण एक तर त्या ब्लॉकचा इतिहास मालकाच्या समोर असतो, आणि दुसरे म्हणजे इंजिन क्रमांक ब्लॉकवरच असल्याने नोंदणी प्रमाणपत्रातील क्रमांक कायम राहतो. दुसऱ्या क्रमांकाचे इंजिन बसवल्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे परिवहन कार्यालयात तशी नोंद करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी विक्रेत्याचे रीतसर बिल लागते. ज्याचे बिल नाही किंवा ज्याचा क्रमांक घासलेला आहे, असे इंजिन कितीही स्वस्त मिळाले तरी त्याला हात लावू नये.

मोजमाप म्हणजे नेमके काय, हेही समजून घ्यावे. सिलिंडरची झीज वरची रिंग जेथून परतते तेथे सर्वांत जास्त असते, म्हणून प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये व खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन काटकोनी दिशांना, बोअर गेजने मोजतात. वरखालच्या फरकास टेपर व दोन दिशांतील फरकास ओव्हॅलिटी म्हणतात. हा फरक मर्यादेबाहेर गेला असेल तर सिलिंडर रिबोर करून, म्हणजे कापून मोठा करून, त्याच मापाचे मोठे पिस्टन घालावे लागतात. जुन्या बोअरमध्ये केवळ नव्या रिंगा घातल्याने फार काळ निभाव लागत नाही. क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंग ज्यांवर फिरते ते गोल भाग, ग्राइंड केल्यावर तेवढ्याच प्रमाणात अधिक जाड शेल बेअरिंग बसवाव्या लागतात. जर्नलच्या कडेची गोलाई ग्राइंडिंगमध्ये जशीच्या तशी राखली गेली आहे ना, हे आवर्जून पाहावे, कारण ती कापली गेली की क्रँकला तडा तेथूनच जातो. हेड प्लेन करण्यापूर्वी पाण्याच्या किंवा हवेच्या दाबाखाली तपासून घ्यावे, आणि टायमिंग चेनही पाहावी, कारण ती ताणली की व्हॉल्व्ह आणि पंप या दोहोंची वेळ मागे पडते.

नव्या कॉमन रेल इंजिनाचा मोह मात्र टाळावा. त्यात अतिउच्च दाबाची डिझेल नळी, संगणकीय नियंत्रण आणि स्वतंत्र वायरिंग एकमेकांवर अवलंबून असतात, आणि मूळ गाडीहून वेगळ्या बनावटीचे इंजिन बसवण्यास मंजुरीचा प्रश्न उभा राहतो. इंजिन कोणतेही असो, खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनंतर तपासणी होऊनच पुढील ५ वर्षांसाठी वाढते. तेव्हा चेसी आणि बॉडी गंजाने किती खाल्ली आहे हे पाहून मगच इंजिनावर पैसा घालावा.

भोसरी एमआयडीसीत क्रँक ग्राइंडिंग व बोअरिंगची कामे करणारे कारागीर आहेत, आणि चाकणला फोर्स मोटर्सच्या कारखान्यात मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांची इंजिने जोडली जातात. ज्या पट्ट्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब ठेवणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या घडली, तेथे राहून मापाविना इंजिन घेणे चिरंजीवास शोभणार नाही. कारागिराला भाव विचारण्याआधी त्याची मापे विचारावीत. जो आपली नोंदवही निःसंकोच उघडतो, त्याला दोन पैसे अधिक द्यावेत, आणि काम झाल्यावर मापांचा कागद व हमी लिहून घ्यावी. इंजिन बसवताना रेडिएटर, होस पाइप व ऑइल कूलर साफ करून घ्यावेत, पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी ऑइलचा दाब तयार होऊ द्यावा, आणि पहिले हजार किलोमीटर गाडी पूर्ण भारावर न ताणता चालवून ऑइल व फिल्टर बदलावे. घाटातला प्रवास त्यानंतर.

हे कागदाचे आणि मापांचे काम कंटाळवाणे वाटले तरी चिरंजीवाने ते स्वतः उभे राहून करून घ्यावे. फिरत्या घरात जी माणसे निर्धास्त झोपणार आहेत, त्यांच्या विश्वासाची जबाबदारी इंजिन निवडणाऱ्यावरच येते.

कळावे, लोभ असावा.

काकांचे आशीर्वाद