संगणकाविना ई-पत्र : एका साध्या पेटीचे विज्ञान

ई-मेल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर संगणक किंवा मोबाईल उभा राहतो. पण ई-मेल पाठवण्यासाठी संगणक खरोखरच लागतो का? जरा विचार करा. पत्र लिहायला अक्षरांच्या कळा हव्यात. लिहिलेले दिसायला पडदा हवा. पत्र जपून ठेवायला थोडी स्मृती हवी. आणि ते बाहेर धाडायला एखादी वाट हवी. बस्स! चित्रे रंगवणे, हिशेबाचे तक्ते मांडणे, चित्रपट दाखवणे ही संगणकाची इतर कामे पत्र लिहिणाऱ्याला मुळीच लागत नाहीत.

नेमका हाच विचार करून काही कारखानदारांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस केवळ ई-मेल पाठवणारी छोटी यंत्रे बाजारात आणली. अमेरिकेत १९९९ साली ‘मेलस्टेशन’ नावाची अशी पेटी निघाली. ती काढणाऱ्या कंपनीचे नाव होते सिडको. (नवी मुंबई वसवणारे आपले सिडको ते हे नव्हे, ही कंपनी कॅलिफोर्नियातली.) पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीने ‘ई-मेलर’ हा दूरध्वनी आणला. त्याला कळफलक आणि पडदा जोडलेला होता. ज्यांना संगणक विकत घेणे परवडत नव्हते, किंवा त्याची धास्ती वाटत होती, त्यांच्यासाठी ही यंत्रे होती. दूरदेशी गेलेल्या मुला-नातवंडांची ख्यालीखुशाली कळावी एवढीच अपेक्षा असणाऱ्या वृद्धांना ती विशेष सोयीची होती.

आज ही पेटी दुकानात मिळत नाही. तरीही तिचा अभ्यास करण्यासारखा आहे. कारण मोबाईलमध्ये जे इतके वेगाने घडते की दिसतच नाही, ते या पेटीत सावकाश आणि उघड्यावर घडते.

पेटीत काय असते?

मेलस्टेशन एखाद्या वहीएवढे होते आणि पेन्सिल सेलवरही चालत असे. त्याच्या आत ‘झेड-८०’ हा सूक्ष्मप्रक्रियक होता. हा १९७६ सालचा. एका वेळी आठ बिटांवर काम करणारा. म्हणजे पेटी बाजारात आली तेव्हाच तिचा मेंदू तेवीस वर्षांचा जुना होता. पण अक्षरे गोळा करणे आणि धाडणे या कामाला तो पुरेसा होता, आणि स्वस्तही होता.

पडदा द्रव-स्फटिकाचा, आडवे ३२० आणि उभे १२८ ठिपके असलेला. ३२० गुणिले १२८ म्हणजे ४०,९६० ठिपके. प्रत्येक ठिपका काळा किंवा कोरा एवढेच लक्षात ठेवायचे असल्याने एका ठिपक्याला एक बिट पुरतो. आठ बिटांचा एक बाइट धरला तर संपूर्ण पडद्याचे चित्र ५,१२० बाइटांत मावते. एका अक्षराला ८ × ८ ठिपक्यांचा चौकोन दिला, तर एका ओळीत ४० अक्षरे आणि पडद्यावर १६ ओळी बसतील. छोटेसे पत्र वाचायला एवढे पुष्कळ झाले.

पत्र थांबते कोठे?

अनेकांचा असा समज असतो की ई-मेल थेट समोरच्याच्या यंत्रात जाऊन पडते. तसे असते तर त्याचे यंत्र सदैव चालू ठेवावे लागले असते. प्रत्यक्षात ई-मेलची रीत टपालासारखीच आहे. समजा, पुण्यातल्या माणसाने बोस्टनला पत्र धाडले. ते प्रथम त्याच्या सेवा पुरवणाऱ्या संस्थेच्या मोठ्या संगणकाकडे जाते. तेथून ते बोस्टनच्या माणसाला सेवा देणाऱ्या संस्थेच्या संगणकाकडे पोहोचते आणि त्याच्या नावाच्या कप्प्यात पडून राहते. बोस्टनचा माणूस सवडीने येतो आणि कप्पा उघडून पत्र घेऊन जातो. यालाच ‘साठवा आणि पुढे धाडा’ पद्धत म्हणतात.

१९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकी अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठवून दाखवले. त्यानेच माणसाचे नाव आणि त्याच्या संगणकाचे नाव यांच्यामध्ये ‘अ‍ॅट’ हे चिन्ह घालण्याची प्रथा पाडली. चिन्हाच्या डावीकडे माणूस, उजवीकडे त्याचे टपाल कार्यालय, असे आपण समजू.

कप्पा दुसरीकडे असल्यामुळेच आपली पेटी इतकी साधी राहू शकते. पत्र लिहिताना ती दूरध्वनीला जोडलेलीच असायला हवी असे नाही. आजोबा तासभर सावकाश एकेक कळ दाबत पत्र लिहोत. दूरध्वनी मोकळाच राहतो. लिहून झाले की एक ठळक बटण दाबायचे. मग पेटी स्वतःच क्रमांक फिरवते, नाव आणि परवलीचा शब्द सांगते, नवी पत्रे उतरवून घेते, लिहिलेली पत्रे हवाली करते आणि दूरध्वनी खाली ठेवते. वाचन पुन्हा निवांतपणे.

अक्षरांचे सूर कसे होतात?

आता भौतिकशास्त्राकडे वळू. यंत्रात प्रत्येक अक्षर एका संख्येच्या रूपात असते. रोमन लिपीतल्या मोठ्या ‘ए’ची संख्या ६५. द्विमान पद्धतीत ती ०१०००००१ अशी लिहितात. म्हणजे शून्य आणि एक यांची माळ.

ही माळ दूरध्वनीच्या तारेतून पाठवायची कशी? दूरध्वनीची यंत्रणा माणसाच्या आवाजासाठी बांधलेली आहे. साधारणपणे सेकंदाला ३०० ते ३,४०० कंपने होणारे ध्वनीच तीतून नीट पार होतात. स्थिर विद्युत दाब त्यातून पलीकडे पोहोचत नाही. तेव्हा उपाय एकच, तो म्हणजे शून्य आणि एक यांना आवाज द्यायचा!

हे काम करणाऱ्या उपकरणाला मोडेम म्हणतात. सुरुवातीच्या एका प्रमाणित पद्धतीत दूरध्वनी करणारा मोडेम ‘एक’ साठी ९८० कंपनांचा आणि ‘शून्य’ साठी १,१८० कंपनांचा सूर काढी. उत्तर देणाऱ्याचे सूर वेगळे, १,६५० आणि १,८५० कंपनांचे. त्यामुळे दोघे एकाच वेळी बोलले तरी गल्लत होत नसे. या पद्धतीने सेकंदाला ३०० बिट जात.

फ्रान्समध्ये १९८२ साली सुरू झालेले ‘मिनिटेल’ हे घरगुती यंत्रही दूरध्वनीवरच चाले. त्यात घराकडे येणारी माहिती सेकंदाला १,२०० बिट या वेगाने येई आणि घरातून जाणारी अवघ्या ७५ बिटांनी. माणूस कळा दाबतो हळू आणि वाचतो भराभर, हे ओळखून केलेली ही विभागणी होती. मिनिटेलची सेवा ३० जून २०१२ रोजी थांबली.

मेलस्टेशनच्या मोडेमचा वेग मात्र सेकंदाला ३३,६०० बिटांपर्यंत जाई. आता प्रश्न असा की, तीच तार, तोच ३,१०० कंपनांचा पट्टा, मग वेग शंभराहून अधिक पटींनी वाढला कसा?

करून पाहा

याचे उत्तर हार्मोनियमवर मिळते. दोन गट करा. एक गट हार्मोनियमपाशी, दुसरा पाठ करून बसलेला. वर्णमालेतील अक्षरे आणि मात्रा यांची यादी करून प्रत्येकीला ० ते ६३ यांपैकी एक संख्या द्या, आणि ती सहा बिटांत लिहा. टेबलावर तीन टिचक्या मारल्या की संदेश सुरू, असे ठरवून घ्या.

पहिली फेरी : ‘सा’ म्हणजे ०, ‘प’ म्हणजे १. दर सेकंदाला एक सूर. एका अक्षराला ६ सेकंद लागतील.

दुसरी फेरी : सा, ग, प, नी हे चार सूर घ्या. त्यांचे अर्थ अनुक्रमे ००, ०१, १०, ११. आता एका सुरात दोन बिट गेले. अक्षराला ३ सेकंद पुरतील.

तिसरी फेरी : सा ते तार सा असे आठ सूर घ्या. एका सुरात तीन बिट. अक्षर २ सेकंदांत!

बोटे पूर्वीइतक्याच गतीने चालली, तरी माहितीचा वेग तिप्पट झाला. मोडेमनेही हेच केले. त्याने केवळ सुराची उंची बदलली नाही, तर सुराचा जोर आणि त्याच्या लाटेची कला या दोहोंचे अनेक प्रकार वापरले. ३३,६०० बिटांच्या पद्धतीत सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे ३,४२९ खुणा पाठवतात. भागाकार करून पाहा. प्रत्येक खुणेत जवळजवळ दहा बिट बसवलेले आहेत.

आता चौथी फेरी घ्या. वर्गातील इतरांना मोठ्याने गप्पा मारायला सांगा. दोन सुरांचा संदेश गोंगाटातही कळेल. आठ सुरांचा संदेश मात्र चुकू लागेल. खुणा जितक्या जवळजवळ, तितका गोंगाटाचा उपद्रव अधिक. शिवाय एकेक बिट वाढवण्यासाठी सुरांची संख्या दरवेळी दुप्पट करावी लागते. म्हणून वेग वाटेल तेवढा वाढवता येत नाही.

ही मर्यादा किती, ते क्लॉड शॅनन या शास्त्रज्ञाने १९४८ साली गणिताने दाखवून दिले. पट्ट्याची रुंदी ३,१०० कंपने आणि संदेशाची शक्ती गोंगाटाच्या सुमारे ३,१६२ पट (म्हणजे ३५ डेसिबल) धरू. शॅननच्या सूत्रानुसार, १ + ३,१६२ ही संख्या मिळवायला दोनाचा कितवा घात घ्यावा लागतो ते पाहायचे. उत्तर सुमारे ११.६ येते. त्याला ३,१०० ने गुणले की मिळतात सेकंदाला सुमारे ३६,००० बिट. आपला मोडेम ३३,६०० पर्यंत पोहोचला होता. म्हणजे निसर्गाने घातलेल्या कुंपणाच्या अगदी जवळ!

पत्राचा हिशेब

१,५०० अक्षरांचे इंग्रजी पत्र घ्या. १,५०० × ८ म्हणजे १२,००० बिट. त्याला ३३,६०० ने भागले की सुमारे ०.३६ सेकंद. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पत्र रवाना. खरा वेळ जाई तो क्रमांक फिरवण्यात आणि दोन मोडेमची एकमेकांशी ओळख पटण्यात.

देवनागरीचे काय? आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘नमस्ते’ या शब्दात न, म, स, हलन्त, त आणि मात्रा अशी सहा चिन्हे आहेत. म्हणजे १८ बाइट. तोच शब्द रोमन लिपीत लिहिला तर ७ बाइट. पण तेव्हाची अडचण जागेची नव्हती. अशा पेटीत देवनागरीचे आकारच भरलेले नव्हते. त्या काळात परदेशी असलेली मराठी मंडळी ई-मेलमध्ये मराठी मजकूर बहुधा रोमन लिपीत लिहीत, त्याचे कारण हेच.

आता ३० लाख बाइटांचे एक छायाचित्र घ्या. २ कोटी ४० लाख बिट भागिले ३३,६००. उत्तर सुमारे ७१४ सेकंद, म्हणजे जवळजवळ १२ मिनिटे. आणि तेवढे करूनही एकरंगी ठिपक्यांच्या पडद्यावर नातवाचा चेहरा दिसणार नाही तो नाहीच!

चांगली यंत्रे मुकी का झाली?

लोक पत्रांबरोबर छायाचित्रे धाडू लागले, आणि पेटी मागे पडली. स्वस्त मोबाईल आले. शिवाय आजचे टपाल-संगणक परवलीचा शब्द गुप्त लिपीत बांधून मागतात. त्या लिपीची लांबलचक आकडेमोड आठ बिटांच्या जुन्या मेंदूला जड जाते.

पण सर्वांत महत्त्वाचे कारण वेगळेच आहे. मेलस्टेशन ठरावीक सेवेशी बांधलेले होते. २००१ च्या अखेरीस सिडको कंपनी ‘अर्थलिंक’ने घेतली, आणि कालांतराने ती सेवाही संपली. ब्रिटनचा ‘ई-मेलर’ स्वस्तात विकला जाई. खर्च निघे तो प्रत्येक जोडणीच्या आकारातून आणि पडद्यावरच्या जाहिरातींतून. ती सेवा २०११ साली बंद झाली. पेट्या मोडल्या नव्हत्या. कळा, पडदा, मोडेम सारे ठाकठीक होते. पलीकडे दूरध्वनी उचलणारेच कोणी उरले नाही.

रेडिओशी तुलना करा. रेडिओ कोणत्याही कारखान्याचा असो, तो कोणत्याही केंद्राचे प्रक्षेपण पकडतो. बनवणारी कंपनी बुडाली तरी गाणे थांबत नाही. कारण लहरींची पद्धत सर्वांना खुली आहे. पत्रांची देवघेव करण्याची पद्धतही खुलीच होती, पण पेटीचे दार मात्र एकाच सेवेकडे उघडत होते.

म्हणून घरात नवे उपकरण आणताना, विशेषतः आजी-आजोबांसाठी, तीन प्रश्न जरूर विचारा. ते कोणत्याही सेवेवर चालेल का? ती सेवा थांबली तर त्यातली पत्रे बाहेर काढता येतील का? आणि त्यात आपली लिपी आहे का? पेटीचा एक गुण मात्र अवश्य उचला. घरातल्या मोबाईलवर आजीला लागतील तेवढीच दोन-तीन चिन्हे समोर ठेवा, बाकीची बाजूला सारा. एक बटण, एक काम.

विचार करा

१. ‘नमस्ते’चे १८ बाइट ३०० बिटांच्या आणि ३३,६०० बिटांच्या मोडेममधून जाण्यास किती वेळ लागेल?

२. ई-मेलबरोबर छायाचित्र धाडताना त्याचे अक्षरांत रूपांतर करतात. दर ३ बाइटांची ४ अक्षरे होतात. तर वरील छायाचित्राला खरोखर किती मिनिटे लागतील?

३. हार्मोनियमच्या प्रयोगात एका सुरात चार बिट बसवायचे असतील, तर किती सूर लागतील?

उत्तरे : (१) ०.४८ सेकंद, सुमारे ०.००४ सेकंद. (२) सुमारे १६ मिनिटे. (३) १६.