झॉम्बीचा रोग मवाळ होईल का?

होस्टेलवर झॉम्बीचा सिनेमा लावला की चर्चा ठरलेली: कुठल्या मजल्यावर लपायचं आणि मेसचा दरवाजा किती वेळ टिकेल! पण दहा वर्षांनी तो रोग कसा असेल, हे कोणी विचारत नाही. विषाणूच्या प्रती निघताना चुका होतात. ज्या चुकीमुळे तो जास्त पसरतो, ती टिकते.

समजा, आपल्या झॉम्बी-विषाणूचे दोन प्रकार आहेत. ‘अ’ झालेला माणूस एका दिवसात दहा जणांना चावून कोसळतो. ‘ब’ झालेला रोज दोघांनाच चावतो, पण महिनाभर हिंडतो. शहर गजबजलेलं असताना ‘अ’ रोज दसपट वाढेल आणि पुढे पळेल. माणसं विरळ झाली, की मात्र कोणी सापडण्याआधीच त्याचा दिवस संपेल. मग ‘ब’ची सरशी. थोडक्यात, आपलं ऑप्टिमायझेशनच!

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. ऑस्ट्रेलियात सशांचा सुळसुळाट झाला, म्हणून 1950 मध्ये त्यांच्यात मिक्सोमा विषाणू सोडला. सुरुवातीला शंभरातले नव्व्याण्णवहून जास्त ससे मरत. हा रोग डास पसरवतात. फ्रँक फेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की काही वर्षांतच मध्यम तीव्रतेचे प्रकार वरचढ ठरले. ससा लवकर मेला तर डासांना वेळ मिळत नाही, आणि रोग फारच सौम्य असला तर डासांना लागण होण्याइतके विषाणू कातडीत नसतात. शिवाय वाचलेल्या सशांच्या पिल्लांत प्रतिकारशक्तीही वाढत गेली.

मग प्रत्येक रोग कालांतराने मवाळ होतो का? मुळीच नाही! रेबीज बघा. खऱ्या जगातला झॉम्बीच्या सगळ्यात जवळचा रोग हाच. विषाणू लाळेत उतरतो आणि मेंदू बिघडलेलं कुत्रं चावत सुटतं. ते मरेपर्यंत विषाणूचं काम झालेलं असतं. मग त्याने मवाळ का व्हावं? माणसात लक्षणं दिसल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही.

पण लक्षणं दिसायला बहुधा काही आठवडे ते महिने लागतात, आणि लस याच काळात वाचवते. म्हणून मित्रांनो, मेसमागचं कुत्रं चावलं तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा. हळद-तिखट लावू नका. सबमिशन असो नाहीतर व्हायवा, त्याच दिवशी दवाखाना गाठा. सिनेमातल्या झॉम्बीवर लस नाही, यावर आहे.