जुन्या जीपच्या आंसांतील पाणी

१९४७ नंतर मुंबईंत जुळणी होऊं लागलेल्या विलीज नमुन्याच्या महिंद्र जीपगाड्या अद्याप कांहीं शेतकऱ्यांपाशीं आहेत. हिंगोली जिल्ह्यांत कयाधूकांठीं पावसाळ्यांत ओढे ओलांडणाऱ्यांनीं आंसांतील तेल अवश्य तपासावें, असें आम्ही सुचवितों.

चालून तापलेला आंस थंड पाण्यांत बुडाला म्हणजे आंतील हवा आकुंचन पावते. मग ब्रीदरच्या छिद्रांतून व झिजलेल्या सीलमधून पाणी आंत ओढलें जातें. तेल दुधाळ होतें, वंगणाचा गुण जातो, आणि ऐन पेरणींत बेअरिंग व क्राउन-पिनियन निकामी होतात.

याकरितां गाडी सपाट जागीं उभी करून चाकांस उटी लावावी. प्रथम तेल भरण्याचें बूच उघडतें कीं नाहीं हें पाहावें. मगच खालचें काढावें. नाहीं तर तेल जाईल, पण नवें भरतां येणार नाहीं. दुधाळ तेल पूर्ण निथळूं द्यावें आणि पुस्तिकेंत सांगितलेलें गिअर-तेल वरच्या छिद्राच्या कडेपर्यंत भरावें.

पुढील बंदोबस्त म्हणून ब्रीदरला तेल सोसणारी रबरी नळी जोडून तिचें तोंड बॉनेटखालीं उंच बांधावें. आंस वरखालीं होतो, म्हणून नळी थोडी सैल ठेवावी. झिजलेलें सील मात्र बदललेंच पाहिजे. नळीनें तें काम भागत नाहीं.