स्वस्ताईचा हिशेब

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील दोन शेजारी तालुके होत. शिरूर हे गाव घोड नदीच्या काठी वसले आहे. म्हणूनच जुनी माणसे त्याला अजूनही घोडनदी म्हणतात. दौंड भीमेच्या तीरावर आहे. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणारा हमरस्ता शिरूरवरून जातो, तर पुणे-सोलापूर लोहमार्ग दौंडवरून जातो. १८७८ साली दौंडहून मनमाडकडे जाणारा मार्ग सुरू झाला आणि दौंड हे मोठे जंक्शन बनले. ऊस, कांदा आणि दूध यांवर येथील शेतकऱ्याचा संसार चालतो. रांजणगाव आणि कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्यापासून पुष्कळ घरांत कारखान्याचा पगारही येऊ लागला आहे.

या भागातील बाजारहाट समजून घ्यावयाचा असेल, तर घरात पैसा केव्हा येतो हे प्रथम पाहावे लागते. डेअरीला घातलेल्या दुधाचे पैसे बहुधा दहा दिवसांनी हाती पडतात. उसाचे पैसे ऊस कारखान्याला गेल्यानंतर येतात. कधी लवकर येतात, कधी त्यांची फार वाट पाहावी लागते. कांद्याच्या पैशांविषयी तर कोणी काही बोलूच नये! पगारदाराचा पैसा महिन्याच्या आरंभी येतो, आणि मजुराचा त्या त्या दिवशी सायंकाळी. परंतु भूक मात्र सर्वांना रोज लागते. पैसा येण्याचा दिवस आणि चूल पेटण्याचा दिवस यांत जे अंतर असते, ते अंतर कोणी तरी भरून काढावे लागते. पूर्वी ते काम दुकानदाराची वही करीत असे.

ही वही साधी गोष्ट नव्हती. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी खेड्यातील दुकानदार आणि सावकार ही पुष्कळदा एकच व्यक्ती असे. मीठ, तेल, कापड त्याच्याकडून घ्यावयाचे, बियाण्यासाठी आणि सरकारी साऱ्यासाठी रोख रक्कमही त्याच्याकडूनच उचलावयाची, आणि हे सारे एकाच वहीत लिहिले जावयाचे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस येईनासा झाल्यामुळे हिंदुस्थानातील कापसाला मोठा भाव आला, आणि सावकारांनी शेतकऱ्यांना सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपताच भाव कोसळले. कर्ज मिळेनासे झाले, सारा मात्र वाढला. ज्याला अक्षर ओळखता येत नाही त्याने वहीत काय लिहिले आहे ते कसे पडताळून पाहावे?

१८७४ सालच्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे या गावी एका सावकाराने ऋणकोविरुद्ध न्यायालयाचा हुकूमनामा मिळविला आणि त्याचे घर पाडले. ते पाहून गावकरी संतापले. त्यांनी हाती शस्त्र घेतले नाही. सावकारांच्या दुकानातून काहीही घ्यावयाचे नाही आणि त्यांची शेते कसावयाची नाहीत, असा त्यांनी निश्चय केला. पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी लोकांचा क्षोभ उसळला, आणि पाहता पाहता तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. दुकाने व घरे लुटली गेली; काही ठिकाणी आगी लागल्या. तथापि लोकांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर होता. त्यांची गावोगावी होळी झाली. सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यात इतर गोष्टींबरोबरच, भरलेल्या पैशांची लेखी पावती मागण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळाला. आज दुकानातून बाहेर पडताना जो कागदाचा चिटोरा सहज चुरगाळून टाकला जातो, त्याच्या पूर्वजासाठी या मुलखात असा झगडा झालेला आहे.

आता दुसऱ्या प्रकारच्या दुकानाकडे वळू. पुण्यात व त्याच्या उपनगरांत जी सवलतीची प्रचंड दुकाने निघाली आहेत, त्यांना लोक 'मार्ट' म्हणतात. तशाच पद्धतीची, पण लहान आकाराची दुकाने तालुक्याच्या गावीही दिसू लागली आहेत. पगार झाला की पहिल्या रविवारी शिरूरची माणसे मोटारीने किंवा एस.टी.ने आणि दौंडची माणसे रेल्वेने पुणे गाठतात, आणि मोठ्या मार्टमध्ये महिन्याचे वाणसामान भरतात. दारापाशी जवळच्या पिशव्या ठेवून घेतात किंवा बांधून देतात. आत ट्रॉली घ्यावयाची आणि फळ्यांच्या लांबच लांब ओळींमधून ती ढकलीत न्यावयाची. कोणी "काय पाहिजे?" असे विचारीत नाही; भाव करणे नाही. निवडणे, काढणे, वाहणे ही सारी कामे गिऱ्हाइकाची. शेवटी रांगेत उभे राहावयाचे; यंत्र प्रत्येक वस्तूवरील काळ्या रेघा वाचते आणि हातभर लांब बिल बाहेर पडते. बाहेरच्या दारावरचा पहारेकरी ते बिल पाहून त्यावर शिक्का मारतो, आणि मगच सुटका होते.

गिऱ्हाइकाने स्वतःच माल उचलून घ्यावा, ही कल्पना फार जुनी नाही. अमेरिकेतील मेम्फिस शहरी क्लॅरेन्स साँडर्स याने १९१६ साली अशा पद्धतीचे किराणा दुकान प्रथम काढले. ट्रॉली त्यानंतर एकवीस वर्षांनी, १९३७ साली, ओक्लाहोमा सिटी येथे सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने आणली. मौज अशी की प्रारंभी ती कोणी हाती धरीना. तेव्हा त्याने पगारी माणसे नेमून त्यांना दुकानात ट्रॉल्या ढकलीत हिंडावयास लावले! हातातील टोपली जड झाली की माणूस खरेदी थांबवितो. ट्रॉली जड होत नाही, हे त्या चतुर दुकानदाराने ओळखले होते.

महाराष्ट्रात स्वस्त व चोख माल एका छताखाली देण्याचा मोठा प्रयत्न आधी सहकाराने केला. मुंबईच्या नायगाव भागात, कामगारांच्या वस्तीत, १९४८ साली 'अपना बाजार' सुरू झाला. पुढे राधाकिशन दमाणी यांनी त्याची एक शाखा नवी मुंबईत चालवून पाहिली, आणि नंतर २००२ साली पवई येथे 'डी-मार्ट' हे स्वतःचे दुकान काढले. आज त्या नावाची दुकाने अनेक राज्यांत आहेत.

ही दुकाने स्वस्त का विकू शकतात? कोणी तोटा सोसून दानधर्म करीत नाही, हे उघड आहे. याचे मुख्य कारण उलाढालीत आहे. समजा, एका लहान दुकानदाराने शंभर रुपयांचा माल भरला, तो तीन महिन्यांत विकला आणि त्यावर दहा रुपये मिळविले. वर्षातून चार वेळा असे झाले, म्हणजे त्याला चाळीस रुपये मिळाले. मोठ्या दुकानाने तोच माल केवळ चार रुपये नफ्यावर विकला. परंतु भाव कमी म्हणून तो महिन्याभरात संपला. वर्षातून बारा वेळा चार रुपये, म्हणजे अठ्ठेचाळीस. कमी नफा घेणाराच अधिक मिळवितो! शिवाय मोठे दुकान कारखान्याकडून ट्रक भरभरून माल घेते, त्यामुळे मधल्या व्यापाऱ्यांचा वाटा वाचतो. डी-मार्टसारखी दुकाने कारखानदाराचे पैसे थोड्याच दिवसांत चुकते करतात, त्याबद्दल त्यांना आणखी सूट मिळते. बहुतेक जागा त्यांच्या स्वतःच्या मालकीच्या असल्यामुळे भाड्याचा बोजा नसतो. आणि तेथे वही नसते. कोणीही येवो, पैसे तेथल्या तेथे द्यावयाचे.

याच ठिकाणी खरी मेख आहे. मार्टमधील स्वस्ताई ही हाती पैसा असणाऱ्याला मिळते. ज्याच्याजवळ महिन्याच्या आरंभी चार हजार रुपये आहेत, तो पाच किलोचे पीठ आणि पाच लिटरचा तेलाचा डबा घेतो; किलोमागे आणि लिटरमागे त्याला कमी पैसे पडतात. ज्याच्याजवळ सायंकाळी शंभर रुपये आहेत, तो गावच्या दुकानातून पाव किलो तेल, दहा रुपयांची चहाची पुडी आणि छटाकभर मिरची घेतो. लहान मापाला त्याला अधिक पैसे मोजावे लागतात. गरीब माणूस महाग घेतो, हे ऐकावयास विपरीत वाटते. परंतु कोणत्याही खेड्यातील दुकानापुढे सायंकाळी घटकाभर उभे राहिल्यास ते डोळ्यांना दिसते.

पैसा हाती असला तरी हिशेब सुटत नाही. समजा, दौंड तालुक्यातील एका गावाहून दोन माणसे शहरातील मार्टला गेली. त्यांनी दोन हजार रुपयांचे सामान घेतले आणि गावच्या दुकानाच्या मानाने त्यांचे शंभरी आठ रुपये वाचले. म्हणजे एकंदर बचत एकशे साठ रुपये. जाण्याचे भाडे माणशी चाळीस आणि येण्याचेही तेवढेच. दोघांचे मिळून झाले एकशे साठ. दिवस गेला, पाय दुखले आणि गाठीस काहीच राहिले नाही! मात्र तीच दोन माणसे तीन घरांच्या याद्या घेऊन गेली असती, तर सहा हजारांवर चारशे ऐंशी वाचले असते आणि भाडे वजा जाता तीनशे वीस उरले असते. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने काहीसे असेच केले. शेजारची कुटुंबे एकत्र येऊन महिन्याची मागणी नोंदवितात, संस्था माल एकदम खरेदी करते, आणि सभासद तो आपसांत वाटून घेतात. त्यासाठी दुकानाचीही गरज पडत नाही.

आणखी एक सापळा वेष्टनावर असतो. वेष्टनावर छापलेली कमाल किरकोळ किंमत ही कमाल असते. त्याहून अधिक घेण्यास कायद्याची बंदी आहे, कमी घेण्यास नाही. ती खोडून खाली लहान आकडा लिहिला, की मन लगेच खूश होते. परंतु तुलना त्या दोन आकड्यांची करावयाची नसते, दोन वजनांची करावयाची असते. समजा, धुण्याची पावडर अर्धा किलो पासष्ट रुपयांस आहे, एक किलो एकशे वीस रुपयांस आणि दोन किलोंचे मोठे पाकीट अडीचशे रुपयांस. किलोचा दर अनुक्रमे एकशे तीस, एकशे वीस आणि एकशे पंचवीस पडतो. सर्वांत मोठे पाकीट सर्वांत स्वस्त नाही. असा हिशेब ग्राहकाला सहज करता यावा म्हणून २०२२ सालापासून वेष्टनावर प्रत्येक ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापण्याचा नियम आला आहे. अक्षर मात्र फार बारीक असते. घरातील तरुण डोळ्यांनी ते वाचून दाखविलेले बरे. पैसे देण्याच्या जागेपाशी मुलांच्या हाताला येतील अशा उंचीवर चॉकलेटे मांडलेली असतात, तीही काही योगायोगाने नव्हेत.

मग गावच्या दुकानाचे काय? पुष्कळांना वाटते की ते आता बंदच पडणार. तसे झालेले नाही. २५ मार्च २०२० रोजी करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी लागू झाली. एस.टी. आणि रेल्वेच्या प्रवासी गाड्या उभ्या राहिल्या; रोजंदारी थांबली. त्या दिवसांत खेड्यापाड्यांतील घरांना मीठ-मिरची पुरविली ती कोपऱ्यावरच्या लहान दुकानांनी, आणि पुष्कळ ठिकाणी ती पैशांवाचून, नुसत्या ओळखीवर दिली. मार्टचे यंत्र बारकोड ओळखते. माणूस ओळखण्याचे काम त्याला सांगितलेले नाही. लहान दुकानदार किलोमागे जे दोन रुपये अधिक घेतो, त्यात या थांबण्याची आणि कधी कधी बुडणाऱ्या उधारीचीही किंमत असते. ती किती असावी, याबद्दल भांडण होऊ शकते. १८७५ साली ते झालेच होते.

आठवड्याचा बाजारही टिकून आहे. शिरूरला तो शनिवारी भरतो. महिन्याचे साबण आणि साखर मार्टमधून आणणारे कुटुंबही मेथीची जुडी आणि वांगी तेथेच घेते, कारण ती सकाळीच तोडलेली असतात आणि विकणारी बाई बहुधा स्वतःच्या शेतातून ती घेऊन आलेली असते. तेथे भाव करता येतो. वर मूठभर कोथिंबीरही मागता येते.

अशा रीतीने एकाच घराची यादी तीन ठिकाणी वाटली जाते. पगार झाल्यावर मार्ट, शनिवारी बाजार, आणि वीस तारखेनंतर गावचे दुकान. त्या दुकानाच्या खिडकीत आता मोबाइलने पैसे देण्यासाठी काळ्या-पांढऱ्या चौकटींचा एक पुठ्ठा टांगलेला असतो. त्याच्याच खाली, खिळ्याला सुतळीने बांधलेली, कडा काळवंडलेली उधारीची वही लोंबत असते. शेतकऱ्याची शाळेत जाणारी मुलगी तेल घ्यावयास आली, की दुकानदार वहीत रक्कम मांडतो; आणि ती मुलगी वही आपल्याकडे वळवून, बेरीज बरोबर आहे की नाही हे पाहिल्याशिवाय तेथून हलत नाही.