भविष्यनिधीच्या संगणकाच्या किल्ल्या

हैदराबादमध्ये काचीगुडा स्थानकापासून जवळच असलेल्या बरकतपुरा भागात कर्मचारी भविष्यनिधी संघटनेचे कार्यालय आहे. रोजगारासाठी मराठवाड्यातून तेथे गेलेल्या कामगाराच्या वेतनातून दरमहा जी कपात होते, तिचा हिशेब अशाच कार्यालयांकडे असतो. 1952 च्या कायद्याने सुरू झालेल्या या योजनेच्या खतावण्या पूर्वी कागदी होत्या. आता त्या सर्व्हरमध्ये, म्हणजे अनेक कार्यालयांना जोडलेल्या मध्यवर्ती संगणकात आहेत. 2014 पासून सदस्यास 12 अंकी सार्वत्रिक खाते क्रमांक मिळू लागला.

कपाटाला कुलूप लावता येते. परंतु दूरच्या गावाहूनही उघडता येणाऱ्या खतावणीचे रक्षण कसे करावयाचे? याचे उत्तर कोषागाराच्या जुन्या रिवाजात सापडते. कोषागाराच्या भक्कम खोलीस दोन कुलपे असत व दोन किल्ल्या दोन वेगळ्या व्यक्तींकडे असत. कोणी एकटा कितीही प्रामाणिक असला, तरी त्याला दार उघडता येत नसे. संगणकातील अधिकारवाटणी याच तत्त्वावर उभी आहे. सदस्याला फक्त स्वतःचे खाते दिसावे. मालकाला आपल्याच कामगारांची माहिती भरता यावी. कार्यालयात लिपिकाने दाव्याची छाननी करावी, पर्यवेक्षकाने ती तपासावी आणि मंजुरी अधिकाऱ्याने द्यावी. अधिकार व्यक्तीला नसून पदाला असतो. म्हणूनच बदली किंवा निवृत्ती होताच जुना प्रवेश त्याच दिवशी बंद व्हावयास हवा. हे काम बहुतेक ठिकाणी रेंगाळते, ही खेदाची गोष्ट होय.

सर्व्हर सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. यंत्र चालू ठेवणे, त्यातील प्रणाली वेळोवेळी अद्ययावत करणे आणि माहितीची दुसरी प्रत राखणे यांसाठी त्याला बरेच अधिकार द्यावे लागतात. पण दावा मंजूर करण्याचा अधिकार त्याला असता कामा नये. शिवाय कोणी, केव्हा, कोणत्या नोंदीस हात लावला याची आपोआप होणारी नोंदवही अशी असावी की, ती खुद्द त्यालाही पुसता येऊ नये.

हा सगळा बंदोबस्त एका चिठ्ठीने निकामी होतो. कामाची घाई आहे म्हणून वरिष्ठ आपला संकेतशब्द लिपिकाला सांगतात. मग छाननी, तपासणी व मंजुरी या तिन्ही पायऱ्या एकाच हाताने चढल्या जातात आणि नोंदवहीत मात्र तीन नावे उमटतात. आतल्या माणसाकडून होणारा धोका काल्पनिक नाही. मुंबईतील कांदिवली कार्यालयात बनावट दाव्यांद्वारे सुमारे 19 कोटी रुपये काढल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने 2021 मध्ये तेथील कर्मचाऱ्यांविरुद्ध गुन्हा नोंदविला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-सी अन्वये दुसऱ्याचा संकेतशब्द अप्रामाणिकपणे वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कामगाराकडेही एक किल्ली असते. दावा भरताना त्याच्या भ्रमणध्वनीवर येणारा एकवेळचा अंक ही त्याची स्वाक्षरीच समजावी. अर्ज भरून देणाऱ्या दलालाला तो अंक सांगणे म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा उठविणे होय. गावातील शिक्षकांनी परगावी असलेल्या कामगारांच्या कुटुंबीयांना खातेपुस्तिका संगणकावर पाहण्यास शिकविले, तर न केलेला दावा किंवा मालकाने न भरलेला हप्ता वेळीच ध्यानात येतो.